संध्याकाळी साडेसहाला फोन कोणाला लावायचा?

आमच्या भागात स्टँडजवळच्या भिंतींवर एक जाहिरात वर्षानुवर्षं दिसते: 'न कळत दारू सोडवा'. खाली मोबाइल नंबर. माझ्या चुलतभावाला, आम्ही त्याला दादा म्हणतो, वहिनीने अशीच मागवलेली पूड चार दिवस वांग्याच्या भाजीतून दिली. पाचव्या दिवशी तो नेहमीसारखा पिऊन आला आणि पंधरा-वीस मिनिटांत तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या. ओट्यावरच आडवा झाला. पारोळ्याला नेईपर्यंत ब्लडप्रेशर इतकं उतरलं होतं की डॉक्टरांनी आधी सलाइन लावलं आणि मग विचारलं, काय दिलं होतं? पुडीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

अशा पुडीत डायसल्फिराम असू शकतं. ते खरं औषध आहे. ते अंगात असताना दारू पोटात गेली की शरीर असं उलटतं, आणि ती भीतीच माणसाला ग्लासापासून लांब ठेवते. पण ते पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून द्यायचं असतं. चोरून दिलं तर माणूस जाऊही शकतो.

दादा वाचला. पुढे त्याने दारू सोडली ती मात्र कळून सोडली, आणि त्यात पुडीचा वाटा शून्य होता. मोठा वाटा होता भुसावळच्या एका रिटायर्ड रेल्वेवाल्या आबांचा. हे आबा डॉक्टर नाहीत, समुपदेशक नाहीत, नातेवाईक तर नाहीतच. ते एकेकाळी दादापेक्षा जास्त प्यायचे, एवढीच त्यांची पदवी. या पदवीचा नेमका उपयोग काय होतो, ते या लेखात सांगायचं आहे.

'स्वतःहून सोडली' असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येतो तो दात-ओठ खाऊन एकटा बसलेला माणूस. स्वतःहून सोडणारे असतात आणि पुष्कळ असतात. अमेरिकेतल्या एका देशव्यापी पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले, ज्यांना एकेकाळी दारूचा किंवा ड्रग्जचा मोठा त्रास होता आणि आता नाही, अशा लोकांना विचारलं की कशाने सुटली. सुमारे ४६ टक्के लोक म्हणाले, कुठलीच औपचारिक मदत घेतली नाही. उरलेल्यांनी जी मदत घेतली तीत सर्वांत पुढे काय होतं? दवाखाना नव्हे, औषध नव्हे. सोडलेल्यांचे गट. एकूण लोकांपैकी जवळपास ४५ टक्के अशा गटात कधी ना कधी बसले होते.

आपल्याकडचं चित्र २०१९ च्या सरकारी पाहणीत आलं. एम्सच्या तज्ज्ञांनी ती केली होती. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, त्यांतल्या २.९ कोटींना दारूचं अवलंबित्व आहे, म्हणजे दारू त्यांना सोडत नाही. आणि अशा ३८ जणांमागे फक्त एकाला कुठलातरी उपचार मिळतो. बाकीच्या ३७ जणांनी काय करायचं? ते आपापल्या परीने सोडायला बघतात. पोळ्याला सोडतात, लग्नात धरतात. पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतात. या माणसांना उद्या सकाळी तज्ज्ञ डॉक्टर मिळणार नाही, पण गावातच, दोन गल्ल्या सोडून, सोडलेला एखादा माणूस बहुतेक मिळतो.

पुढे जाण्याआधी एक धोक्याची गोष्ट, कारण 'स्वतःहून' या शब्दाने माणसं मरतात. जो रोज सकाळी उठल्या उठल्या घेतो, न घेतल्यास ज्याचा हात थरथरतो, त्याने एका रात्रीत घरी बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत घाम, थरथर, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: दिवस-रात्र कळत नाही, अंगावर किडे चढताना दिसतात, मेलेली माणसं दारात उभी दिसतात. आमच्याकडे याला 'बाहेरचं लागलं' म्हणतात आणि भगताकडे नेतात. भगताच्या अंगणात वेळ जातो आणि माणूस हातचा जातो. हे आजारपण आहे. त्यावर गोळ्या आहेत, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात नाही तर निदान जवळच्या एमबीबीएस डॉक्टरकडे जाऊन 'रोज इतकी पितो, आता सोडायची आहे' एवढं खरं सांगायचं. आबा स्वतः हेच सांगतात. दादाचा पहिला फोन गेला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, 'सकाळी हात हालतो का?' हो म्हटल्यावर म्हणाले, 'मग आधी दवाखाना. मी नंतर.' असा सोबती, म्हणजे स्वतः सोडून दुसऱ्याला साथ देणारा माणूस, चांगला की नाही हे ओळखायची माझ्या मते हीच पहिली खूण: कुठलं काम आपलं नाही, हे त्याला माहीत असतं.

तर पहिले पाच-सात दिवस डॉक्टरचे. त्यानंतरची चार-पाच वर्षं कोणाची? डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटं भेटतो. घरचे चोवीस तास असतात, पण त्यांच्या नजरेत संशय असतो आणि तो असायलाच हवा, इतक्या वेळा फसलेली असतात ती. मधली जागा रिकामी राहते, आणि ती रिकामी जागा नेमकी संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळेत येते.

दादा जिनिंगवर, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, कामाला. सुटी झाली की स्टँडवरून घरी. वीस वर्षं त्याच रस्त्यावर, त्याच वेळी त्याने घेतली. आता त्या वेळेला मेंदू आपोआप तयारी करतो. तळणाचा वास आला, ओळखीची सायकल गुत्त्याबाहेर दिसली, खिशात हप्त्याचे पैसे आहेत, की तोंडाला पाणी सुटतं, पाय वळतात. हा चारित्र्याचा दोष नाही. घंटा वाजली की शाळेतल्या पोराला भूक लागते, तसाच प्रकार. यालाच आपण तलफ म्हणतो. तलफेबद्दल एक गोष्ट पिणाऱ्याला सहसा माहीत नसते: ती वाढतच जात नाही. लाटेसारखी चढते, माथ्यावर पोचते आणि ओसरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. त्याने आजवर ती ओसरताना पाहिलेलीच नसते, कारण माथ्यावर पोचायच्या आधीच तो ग्लास उचलत आलाय.

हा अर्धा तास काढून द्यायचा, हे सोबत्याचं काम. सोडल्यानंतर तेविसाव्या दिवशी दादाने स्टँडवरून फोन लावला. मी शेजारीच होतो. आबांनी ना धीर दिला ना उपदेश केला.

'जेवला?'

'नाही.'

'दुपारी?'

'नाही.'

'दोन केळी घे. भजी नको, भजीवाला गुत्त्याशेजारी आहे. केळी उभ्या उभ्या खा आणि मला परत लाव.'

दादाने केळी खाल्ली, परत लावला. मग आबा पंधरा मिनिटं रेल्वेच्या नाइट ड्युटीच्या गोष्टी सांगत बसले. दारूचा विषय नाही. शेवटी फक्त विचारलं, 'गेली?' दादा म्हणाला, 'कमी झाली.' 'मग बस पकड.' एवढंच. भूक, राग, एकटेपण आणि थकवा, या चार अवस्थांत तलफ जोर करते, हे व्यसनमुक्तीतलं जुनं ज्ञान आहे. ते तक्त्यावर लिहून भिंतीला लावता येतं. पण साडेसहाला स्टँडवर तक्ता आठवत नाही. आठवतो तो आवाज.

आणि तो आवाज वहिनीचा का चालत नाही? तिने 'जेवलात का' विचारलं तरी त्याला ऐकू येतं 'प्यायलात का'. डॉक्टरपुढे तो एक क्वार्टर कमी सांगतो. आबांपुढे खोटं टिकत नाही, कारण सगळी खोटी त्यांची वापरून झालेली आहेत. दारू सोडलेल्यांच्या गटाच्या मीटिंगमध्ये कोणी लाजत-लाजत सांगतो की मी पोरीच्या फीचे पैसे काढले होते. बाकी जण धक्का बसल्यासारखं बघत नाहीत. कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हणतं, 'मी बी तठेच व्हतू, भो.' मीपण तिथेच होतो. शरमेचं ओझं या पाच शब्दांत जेवढं उतरतं तेवढं तासाभराच्या व्याख्यानात उतरत नाही. आणि माझं निरीक्षण असं की जो माणूस छापील मराठीत बोलायला सुरुवात करतो, तो खऱ्या गोष्टीवर आला की अहिराणीत उतरतो.

ही रीत पद्धतशीर उभी राहिली ती १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या ॲक्रन गावात. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामाने तिथे गेला, काम फसलं, हॉटेलच्या लॉबीत उभा होता आणि शेजारून बारचा आवाज येत होता. सोडून काही महिनेच झाले होते. त्याने बारमध्ये जाण्याऐवजी फोनांचा सपाटा लावला: मला बोलायला कोणीतरी पिणारा माणूस हवाय. त्यातून भेटले डॉक्टर बॉब स्मिथ, सर्जन, स्वतः बुडालेले. या दोघांपासून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झालं, जे आपल्याकडे सगळे 'एए' म्हणून ओळखतात. यात लोक एक बारकावा चुकवतात. बिल मदत मागायला गेला नव्हता, मदत करायला माणूस शोधत होता. कारण त्याला कळलं होतं की दुसऱ्याशी बोलताना आपली स्वतःची तलफ उतरते. १९६५ मध्ये फ्रँक रिसमन या अभ्यासकाने या गोष्टीला सिद्धांताचं रूप दिलं: मदत करणाऱ्याला मदत घेणाऱ्यापेक्षा कधी कधी जास्त मिळतं. आबांना दादाची गरज आहे, हे कळायला मला वर्ष लागलं.

याने खरंच फरक पडतो का, की नुसत्या भावनेच्या गोष्टी आहेत? २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत दहा हजारांवर माणसं होती. समुपदेशकाने एएची पायरी-पायरीने ओळख करून देऊन तिथे जोडून दिलेल्यांपैकी वर्षभरानंतर ४२ टक्के पूर्ण कोरडे होते, इतर मान्य उपचार घेतलेल्यांत ३५ टक्के. फरक डोंगराएवढा नाही, पण जे जवळजवळ फुकट आहे त्याने महागड्याला मागे टाकलं, हे थोडं नाही. पिणं पूर्ण न थांबता नुसतं कमी होणं मोजलं तर मात्र दोन्ही साधारण सारखेच निघाले.

फरक पडतो तो कशामुळे, यावरही काम झालंय. मुख्य कारण निघालं अगदी साधं: माणसाची ऊठबस बदलते. पिणारे मित्र कमी होतात, न पिणारे वाढतात. अमेरिकेतल्याच एका अभ्यासात असं दिसलं की ओळखीच्या वर्तुळात न पिणारा एक माणूस जरी वाढला तरी पुढचं वर्ष कोरडं राहण्याची शक्यता २७ टक्क्यांनी वाढते. एक माणूस. पुरुषांना या गटांचा फायदा जास्त होतो तो चारचौघांत आग्रह झाला की नाही म्हणता येण्यात, बायकांना उदासी आणि चिंता आली की न पिता ती सोसता येण्यात. आमच्याकडे पिणाऱ्या बाईबद्दल बोलायचीच चोरी आहे, त्यामुळे तिला सोबतीण शोधणं दसपट अवघड. पुण्याच्या मुक्तांगणने, जे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं, पुढे बायकांसाठी वेगळा विभाग काढला तो यासाठीच.

खानदेशाला ही कल्पना परकी नाही. आपल्याकडे 'माळ घातली' म्हणतात. तुळशीची माळ गळ्यात आली की मांस-मटण, दारू बंद, आणि संध्याकाळी साडेसहाला भजनी मंडळ. बघा, वेळ तीच! माळेचा सगळ्यात मोठा फायदा हळदीच्या रात्री होतो. 'मी माळकरी आहे' म्हटलं की आग्रह तिथेच संपतो, वाद घालावा लागत नाही. आणि तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदा तालुक्यातल्या मोरवडला, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुलाम महाराजांच्या सोमवारच्या आरतीला हजारो आदिवासी जमत. दारू सोडत आणि एकमेकांना 'आप' म्हणत. ज्याला सावकार आणि जमादार 'अरे-तुरे' करत आले, त्याला शेजारचा माणूस 'आप' म्हणतो, हा दारू सोडण्याइतकाच मोठा बदल होता. १९३८ मध्ये महाराज वारले. त्यांच्यामागे भाऊ रामदास महाराजांनी ते चालवलं.

माळेत मला एकच अडचण दिसते. माळ तुटली की माणूस तोंड लपवतो. ज्या दिवशी त्याला भजनाची सर्वांत जास्त गरज, त्या दिवशी तो भजनाला येत नाही, कारण 'माळ तोडली' हे गावभर झालेलं असतं. गटात उलटं आहे. तिथे घसरण्याला 'स्लिप' म्हणतात, आणि स्लिप होऊन परत आलेल्याला कोणी विचारत नाही की का प्यायलास. विचारतात, त्याच्या आधीच्या तीन दिवसांत काय झालं होतं? दादा सातव्या महिन्यात घसरला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), पत्त्यांच्या डावावर. परत आला तेव्हा आबा म्हणाले, 'दारू आखाजीला नाही प्यायलास. मंगळवारी भावाशी बांधावरून भांडलास आणि मला फोन केला नाहीस, तेव्हाच प्यायलास.' काही ठिकाणी दिवसांची मोजणी शून्यावर आणतात. मला ते पटत नाही. दोनशे दिवसांत जे शिकला ते एका रात्रीत वाहून जात नाही. पण गटातल्या जुन्या लोकांचं मत वेगळं आहे आणि प्यायलेले ते आहेत, मी नाही.

तालुक्याच्या गावी शाळेच्या वर्गात दर रविवारी या गटाची मीटिंग भरते. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेले हमाल, मास्तर, ट्रकवाले, एक वकील. कधी खुली सभा असली की माझ्यासारख्या बाहेरच्याला बसू देतात. नवा माणूस आला की त्याला पहिलं काम देतात ते पुढच्या रविवारी चहाचं दूध आणायचं. मला वाटायचं, साधी सोय आहे. मग लक्षात आलं, ज्याच्यावर गेली दहा वर्षं कोणी पाच रुपयांचा भरवसा ठेवला नाही, त्याच्यावर वीस माणसांचा चहा अवलंबून आहे. आणि दूध आणायचं म्हणजे यावंच लागतं.

अडचणी आहेत. छोट्या गावात गुप्तता कसली? बाहेर मोटारसायकल लावली की नंबरवरून घर कळतं. म्हणून चोपड्याचा माणूस अमळनेरला जातो आणि अमळनेरचा जळगावला. काही गटांत एखादा जुना माणूस हळूहळू महाराज होऊन बसतो, लोकांच्या डॉक्टरी गोळ्याही बंद करायला सांगतो. डिप्रेशनच्या गोळ्या घेणारा 'खरा सोबर' नाही, असं कोणी म्हणालं तर त्या बाकावरून उठावं. सोबत्याशी पैशाचा व्यवहार नको, उसने पाचशेसुद्धा नको. पुरुषाला पुरुष, बाईला बाई हा बहुतेक गटांतला रिवाज शहाणपणाचा आहे. देवाचं नाव घेणं ज्याला जड जातं त्याला 'तुला समजेल तो देव' असं सांगतात. तेही नको असेल तर देवाशिवाय चालणारे गटही जगात आहेत. व्हॉट्सॲप ग्रुप उपयोगी पडतो, पण त्यावर सकाळी फुलांचे फोटो येऊ लागले की ज्याला खरी तलफ आली त्याचा मेसेज त्यात बुडतो.

वहिनीबद्दल सांगायचं राहिलं. पुडीचा प्रकार झाल्यावर तिला सगळ्यांनी बोल लावला, मीसुद्धा. बिल विल्सनची बायको लोइस हिने १९५१ मध्ये अल-ॲनॉन सुरू केलं, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी वेगळा गट, कारण नवरे मीटिंगमध्ये बसायचे आणि बायका बाहेर थांबायच्या. वहिनीलाही अशी एक सोबतीण मिळाली. तिने शिकवलं ते एवढंच: गुत्त्याची उधारी तू फेडू नकोस, 'तब्येत बरी नाही' म्हणून जिनिंगवर खोटा फोन तू करू नकोस, आणि तो सोडो न सोडो, तू वेळेवर जेव.

ज्या गावात गट नाही तिथे काय? ॲक्रनला दोघंच होते. दोघं पुरतात. सोडून वर्ष-दोन वर्षं झालेला माणूस गाठायचा, 'मला शिकव' न म्हणता 'संध्याकाळी साडेसहाला पाच मिनिटं फोन करू का?' एवढंच विचारायचं. रोज, तलफ असो नसो, कारण तलफ आल्यावर पहिला फोन लावायला हात धजत नाही, सवयीचा असेल तर लागतो. पोळा, आखाजी, कानबाईच्या सणाला सुरतेहून येणारे भाऊबंद, घरची हळद, या तारखा आधीच सांगून ठेवायच्या आणि ठरवायचं की उशिरा जायचं, लवकर निघायचं, आपली गाडी आपल्याकडे ठेवायची. कोणीच सापडत नसेल तर १४४४६ हा सरकारी नशामुक्ती हेल्पलाइनचा नंबर आहे आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६. दोन्ही फुकट.

दादाने आबांचा नंबर त्यांच्या नावाने सेव्ह केलेला नाही. जिनिंगवर कोणी स्क्रीन बघितली तर चर्चा नको म्हणून त्या तेविसाव्या दिवशीच त्याने 'केळीवाला' असं नाव टाकलं. अजून रोज साडेसहाला केळीवाल्याला फोन जातो, आणि एखाद्या दिवशी सहा पस्तीस झाले तर केळीवाल्याचाच येतो.